वेबसाइट कुणासाठी? गुहागरच्या खोल्या आणि हापूसच्या पेट्या

गुहागरच्या किनाऱ्यालगतचं एक घर डोळ्यांसमोर धरू. पुढच्या चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, मागे आगरात माड-पोफळी, वर सड्यावर (जांभ्याच्या माळावर) हापूसची कलमं. एप्रिल-मेमध्ये एकाच फोनवर दोन प्रकारची माणसं बोलतात. एकाला खोली हवी असते, दुसऱ्याला पेटी. अशा घराची वेबसाइट करायला घेतली की बोलणं बहुतेक वेळा रंग, लोगो आणि आपोआप सरकणाऱ्या फोटोंपासून सुरू होतं. साइट तयार होते, दिसतेही छान, पण फोनवरचे प्रश्न होते तेच राहतात: दर काय, समुद्र किती लांब, गाडी दारापर्यंत येते का. विचारणारा कोण आणि त्याला काय हवंय हे ठरण्याआधीच पानं ठरली, म्हणून असं होतं.

या घराचंच उदाहरण धरून आखणी कशी करायची ते पाहू. खाणावळ, स्कूबावाले, काजू प्रक्रिया, कुणाचंही काम असलं तरी क्रम हाच राहतो.

आधी वही

गेल्या तीन महिन्यांतले व्हॉट्सअॅप संदेश आणि आठवतील तेवढे फोन घ्या. शंभरेक प्रश्न तरी जमायला हवेत. विचारणाऱ्याच्या शब्दांत, जसेच्या तसे वहीत उतरवा. 'निवासाबद्दल चौकशी' असं लिहिलंत तर हातात काहीच राहत नाही. 'आई ७५ वर्षांची आहे, कमोड आहे ना?' असं लिहा. त्या एका ओळीत माणूस, त्याची काळजी आणि त्याला हवं असलेलं उत्तर, तिन्ही सापडतात. संदेश कोणत्या महिन्यात आला तेही बाजूला लिहा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मग सारखे प्रश्न एकत्र करा. गुहागरच्या घराच्या वहीत साधारण असे गठ्ठे पडतात. पहिला गठ्ठा पुण्या-मुंबईच्या कुटुंबांचा: दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळतील का, एसी आहे का, मुलांना तिखट नको. दुसरा मित्रमंडळींचा: किती जण झोपू शकतो, रात्री उशिरा आलो तर चालेल का. तिसरा गठ्ठा गुहागरचा खास, आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. गावातला व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. ही मंडळी दर्शनाला, अभिषेकाला येतात, बहुधा एकाच रात्रीसाठी. समुद्राबद्दल ती क्वचितच विचारतात. सकाळी गरम पाणी किती वाजता मिळेल, देऊळ चालत किती लांब, कांदा-लसणाशिवाय जेवण होईल का, हे त्यांचे प्रश्न. मावळतीच्या फोटोंनी भरलेल्या साइटवर त्यांना यातलं एकही उत्तर मिळत नाही.

चौथा गठ्ठा आंब्यांचा. ती माणसं कदाचित गुहागरला कधीच येणार नाहीत.

आता प्रत्येक गठ्ठ्यापुढे एक वाक्य लिहा: 'हे पान वाचून या माणसाने काय करावं?' उत्तरात कृती हवी आणि ती मोजता यायला हवी. कुलदैवताला येणाऱ्याने तारीख आणि माणसं लिहून व्हॉट्सअॅप करावा. पेटीवाल्याने डझन, पिनकोड आणि कोणत्या आठवड्यात हवी ते कळवावं. 'आमची ओळख व्हावी' हा हेतू होत नाही, कारण तो साधला की नाही हे कधीच कळत नाही. तारीख आणि माणसं लिहिलेले संदेश महिन्याला किती आले, हे मात्र वहीत मोजता येतं. साइट सुरू होण्याआधीच्या महिन्याचा आकडा आत्ताच लिहून ठेवा, नंतर तुलनेला लागेल.

कोण नको हेही याच वेळी ठरवा. मोठ्या आवाजात गाणी लावणारे गट घरच्या माणसांना चालत नसतील, तर 'रात्री १० नंतर अंगणात शांतता' ही ओळ खोल्यांच्या पानावर दराच्या शेजारी द्या. वेगळ्या 'नियम व अटी' पानात ती कुणी वाचत नाही आणि वाद दारात होतो.

कागदावरची साइट

ए-फोर कागद दोनदा दुमडून फाडा. १०५ × १४८ मिलिमीटरचे चार तुकडे मिळतात, फोनच्या पडद्यापेक्षा थोडे रुंद. एक तुकडा म्हणजे एक पडदा. पेन्सिलीने प्रत्येक पानाचा पहिला पडदा काढा. त्यावर काय मावतं ते पाहिलं की अर्धे वाद तिथेच मिटतात.

या घराला सहा पानं पुरतात: मुखपान, खोल्या व दर, जेवण, कसं यायचं, कुलदैवत दर्शनासाठी, आणि आंबे. संपर्काला वेगळं पान नको. फोन आणि व्हॉट्सअॅपची दोन बटणं प्रत्येक पानाच्या तळाशी कायम दिसत राहावीत, अंगठा सहज पोचेल अशी. बटणाची उंची ४८ पिक्सेलच्या आसपास ठेवा. त्याहून लहान केलं तर वयस्कर माणसाचा अंगठा शेजारच्याच बटणावर पडतो. फोन नंबर चित्रात कोरू नका. तो दाबला की थेट फोन लागला पाहिजे. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात मजकूर आधीच भरून देता येतो: 'तारीख: / मोठी माणसं: / मुलं: / जेवण शाकाहारी की मांसाहारी:'. लांबलचक फॉर्मपेक्षा हे आपल्या लोकांना सोपं जातं, आणि नंतर पुन्हा विचारण्याच्या चार फेऱ्या वाचतात.

मुखपानाच्या पहिल्या पडद्यावर तीनच गोष्टी घ्या: घराचा एक खरा फोटो, 'गुहागर, समुद्रापासून चालत ७ मिनिटं, चार खोल्या, घरचं जेवण' अशी एक ओळ, आणि 'खोली हवी' व 'आंबे हवेत' अशा दोन वाटा. सरकते फोटो घेऊ नयेत. पहिल्या फोटोनंतरचे क्वचितच कुणी पाहतं, आणि सगळ्यांचा भार मात्र पान उघडताना पडतो.

दर लिहावेत की लिहू नयेत, यावर प्रत्येक घरात चर्चा होते. शेजाऱ्याला कळेल, गिऱ्हाईक आधीच पळेल, ही भीती असते. तरीही लिहावेत. दर नसला की माणूस फोन करण्याआधी दुसऱ्या घराचं पान उघडतो. फोन केलाच, तर आकडा ऐकून 'कळवतो' म्हणून ठेवून देतो. त्यात त्याचाही वेळ जातो, तुमचाही. दर बदलते असतील तर तीन ओळींचा तक्ता करा: मे महिना, दिवाळी व नाताळ ते नवं वर्ष ही एक ओळ; इतर शनिवार-रविवार ही दुसरी; बाकीचे दिवस ही तिसरी. दर खोलीचा की माणशी, नाश्ता त्यात धरलाय की नाही, जादा गादीचे किती, आगाऊ किती आणि रद्द केल्यास परत किती, हे सगळं त्याच तक्त्याखाली असू द्या. तळाला 'हे दर अमुक तारखेपासून' ही ओळ हवीच. ती नसली की मागच्या वर्षीचा दर दाखवून पाहुणा दारात हुज्जत घालतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

विशेषणं काढा, आकडे घाला

'निसर्गाच्या कुशीत', 'समुद्र हाकेच्या अंतरावर', 'सर्व सोयींनी युक्त' या ओळी किनाऱ्यावरच्या कुठल्याही घराला लागू पडतात, म्हणून त्यांतून एकाही घराबद्दल काही कळत नाही. हाकेचं अंतर पायाने मोजा. फाटकापासून वाळूपर्यंत किती मिनिटं लागतात? वाटेत जांभ्याची पाखाडी आहे का, तिला पायऱ्या किती, कठडा आहे का? पावसात ती शेवाळते का? गुडघेदुखी असलेल्या आजीला घेऊन येणारा मुलगा हेच शोधत असतो. 'पाखाडीला २२ पायऱ्या, कठडा नाही. गाडीने वाळूपर्यंत जायचं तर दुसऱ्या वाटेने ५ मिनिटं' एवढं वाचून तो निर्धास्त होतो. अडचण लपवली तर ती दारात उघडी पडतेच, आणि मग परीक्षणात लिहिली जाते.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, काय नाही (पंखा चालतो, एसी नाही), हेही असंच लिहा. मोबाइलची कोणती रेंज अंगणात मिळते आणि कोणती नाही, तेही.

जेवणाच्या पानावर ऋतू दिसायला हवा. राज्यात दरवर्षी १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि निदान ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. बारमाही 'ताजं पापलेट' लिहिलेलं पान त्या दिवसांत खोटं ठरतं. ताजी मासळी कोणत्या महिन्यांत मिळते, दर त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो, पावसाळ्यात त्याऐवजी काय असतं (सुकी मासळी, खाडीचे मासे, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं), हे लिहा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत सांगायचं, तेही.

'कसं यायचं' हे पान

या पानावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. गुहागर तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी आहे आणि दक्षिणेला शास्त्रीची जयगड खाडी. पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-दापोली मार्गे निघालेल्याला नकाशा दाभोळच्या धक्क्यावर आणून सोडतो. पलीकडे धोपावे दिसत असतं, पण मध्ये फेरीबोट. शेवटची फेरी चुकली की दापोली-खेड-चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा, तोही रात्री, मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांसकट. हे नकाशाच्या खिडकीत दिसत नाही. ते शब्दांत लिहावं लागतं.

म्हणून येण्याच्या वाटा गावांनुसार वेगळ्या द्या. मुंबईहून महामार्गाने: चिपळूणला वळा, तिथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. कराड-कोल्हापूरकडून: पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. दापोलीकडून: दाभोळ-धोपावे फेरी, शेवटची फेरी किती वाजता, आणि 'त्यानंतर पोचणार असाल तर चिपळूणवरूनच या' हे ठळक. गणपतीपुळ्याहून येणाऱ्याला जयगड-तवसाळ फेरी, तिथेही तीच काळजी. रेल्वेने येणाऱ्याला जवळचं मोठं स्टेशन चिपळूण. तिथून एसटी किंवा रिक्षा कशी मिळते आणि रात्रीच्या गाडीने उतरल्यास काय करायचं, हेही लिहा. फेऱ्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा त्या दर महिन्याला धक्क्यावर विचारून पानावर घाला आणि शेजारी तारीख टाका.

घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते, आणि पान नेमकं तेव्हाच उघडायचं असतं. यावर साधा उपाय आहे. शेवटच्या १० किलोमीटरची वाट एका चित्रात करा: कुठला फाटा, कुठलं देऊळ, कुठल्या दुकानानंतर डावीकडे, घराचं फाटक कोणत्या रंगाचं. चित्र १०० केबीच्या आत ठेवा आणि बुकिंग पक्कं होताच व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे ते फोनमध्ये राहतं. वाडीतल्या घरांना नीट पत्ता नसतो, म्हणून गूगल मॅप्समधला प्लस कोडही (जागेचा अक्षर-आकड्यांतला छोटा पत्ता) द्या. नकाशावरची पिन स्वतः फाटकात उभं राहून लावा. घरात बसून लावलेली पिन कधी कधी मागच्या पायवाटेकडे जाते आणि गाडी शेजाऱ्याच्या कुंपणाला येऊन थांबते.

मुसळधार पावसात घाट बंद झाला, वादळाचा इशारा आला, तर मुखपानाच्या माथ्यावर एक ओळीची सूचना दिसेल अशी सोय आधीच करून घ्या. ती घरातल्या कुणालाही फोनवरून दोन मिनिटांत बदलता आली पाहिजे. त्यासाठी साइट करणाऱ्याला शोधावं लागत असेल तर ती सोय असून नसल्यासारखी.

आंब्याचं पान वेगळं का

पेटीवाल्याची मोठी अडचण डझनाची असते. पेटीचा आकार साधारण ठरलेला, त्यामुळे डझन जितके कमी तितकं फळ मोठं: ४ डझनी पेटीतलं फळ मोठं, ७ डझनी पेटीतलं लहान. बागायतदाराला हे बोलावं लागत नाही. ठाण्यात राहणारा माणूस मात्र नुसते पेटीचे दर शेजारी-शेजारी ठेवून 'तिकडे सात डझन स्वस्तात मिळतात' असं म्हणतो. म्हणून तक्त्यात तीन रकाने द्या: पेटीत किती डझन, एका फळाचं वजन अंदाजे किती ग्रॅम, आणि डझनाचा दर. शेजारी फळ तळहातावर धरलेला एक फोटो. हाताने आकार चटकन कळतो.

फळ कोणत्या अवस्थेत निघतं तेही ठळक लिहा. टणक, हिरवं फळ पोचतं आणि तासाभरात फोन येतो, 'आंबे कच्चेच पाठवलेत.' पानावर आणि पेटीतल्या चिठ्ठीत तोच मजकूर असू द्या: पेटी उघडा, फळं आढीसारखी पेंढ्यात किंवा कागदात एका थरात मांडा, फ्रिजमध्ये ठेवू नका, रोज चाचपून तयार झालेलं फळ वेगळं काढा, वास सुटला आणि देठाजवळ किंचित दबलं की खा. डागी फळ निघालं तर फोटो किती तासांच्या आत पाठवायचा आणि बदली मिळते की पैसे, हेही. आतून साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) निघाला तर काय करणार, ते आधीच ठरवून लिहा. साका बाहेरून दिसत नाही, त्यामुळे यावरच जास्त वाद होतात.

या पानाला चार अवस्था लागतात: 'मोहोर आहे, नाव नोंदवा', 'नोंदणी सुरू', 'या आठवड्याच्या पेट्या संपल्या', 'हंगाम संपला'. जूनमध्येही 'आत्ताच मागवा' म्हणणारं पान सगळ्या साइटवरचा विश्वास घालवतं. हंगाम संपल्यावर त्याच जागी कोकम आगळ, आंबापोळी, लोणचं ठेवता येतं. पण पॅकबंद खाद्यपदार्थ आला की अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता हे पाकिटावर आणि पानावर दोन्हीकडे लागतं.

नावाबद्दल काटेकोर राहा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे, आणि त्याचं चिन्ह वापरायला बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर चिन्ह लावू नका. गुहागरच्या कलमाचं फळ 'देवगड' म्हणूनही विकू नका. 'आमच्या सड्यावरचा हापूस' हे नाव खरं आहे, आणि तेवढं पुरतं.

फोटो, अक्षर, वेग

फोनने काढलेला फोटो बहुधा ३ ते ६ एमबीचा असतो. असे दहा फोटो तसेच चढवले तर कमजोर रेंजवर पान उघडतच नाही. १२०० पिक्सेल रुंदीला छोटे करा, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा, प्रत्येकी १५० ते २०० केबीच्या आत आणा. पूर्ण पान १ एमबीच्या आत, आणि मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसायला हवा. खालचे फोटो माणूस तिथवर आल्यावरच उतरावेत. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधी नोंदवून ठेवा. नाहीतर फोटो उतरताना मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

खोलीचा फोटो दारात उभं राहून, सकाळच्या उजेडात, पलंगासकट पूर्ण खोली येईल असा काढा. न्हाणीघराचाही काढा. पाहुणे तोच मागतात आणि बहुतेक साइटवर तोच नसतो.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपीच्या फाइलमधून उचललेला मजकूर साइटवर गिचमिड होऊन दिसतो आणि शोधात सापडत नाही. अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट. वेलांट्या आणि उकार एकमेकांना लागू नयेत म्हणून देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त मोकळीक लागते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांपैकी एक फाँट घ्या, दोनच जाडींत. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायला सांगा. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, तो ते तरच दाखवतो. फोटोवर पांढरी अक्षरं घातली की उन्हात काही वाचता येत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ हवा, आणि तो तपासणारी फुकट साधनं आहेत.

इंग्रजी पानं हवी असतील तर वेगळी करा. एकाच पानावर दोन्ही भाषांची खिचडी नको. आपोआप भाषांतर होऊन आलेली जेवणाची यादी घरच्या माणसाने एकदा वाचल्याशिवाय चढवू नका, 'आगळ' आणि 'सांदण' यांचं काय होतं ते पाहाच. गावाचं नाव मात्र मराठी पानावरही एकदा रोमन लिपीत असू द्या, लोक दोन्ही लिपींत शोधतात.

चढवण्याआधी आणि नंतर

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या फोन नंबरवर घ्या. साइट करणाऱ्याच्या नावावर राहिलं तर तो गाव सोडून गेल्यावर किंवा पैशांवरून बिनसल्यावर पत्ताच हातचा जातो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

मग पाच माणसं गोळा करा, साइट न पाहिलेली: एक कॉलेजातलं, दोन मध्यमवयीन, दोन साठीपुढची. त्यांच्या स्वतःच्या फोनवर साइट उघडून एकेक काम द्या: 'दोन मोठी, एक मूल, १० मेपासून दोन रात्री, किती पैसे होतील ते शोधा', 'रात्री ९ वाजता दापोलीहून निघणार आहात, कुठून याल?', 'देवळात सकाळी ६ला जायचंय, इथे राहून जमेल का?'. मदत करू नका, समजावू नका, फक्त पाहा. अंगठा कुठे थांबला, कुठे मागे फिरला, कुठला शब्द त्याने मोठ्याने वाचला, ते वहीत लिहा. दोघं एकाच जागी अडली तर दोष पानाचा. ते दुरुस्त करा आणि दुसऱ्या पाच जणांना बसवा.

एकच खोली दोघांना दिली जाण्याची चूक साइटमुळे वाढू शकते, कारण एक बुकिंग पोर्टलवरून येतं, दुसरं व्हॉट्सअॅपवर. चार खोल्यांच्या घराला एक कॅलेंडर पुरतं. मात्र ते एकच असलं पाहिजे, आणि आगाऊ रक्कम आली त्याच मिनिटाला तिथे नोंद व्हावी. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

साइटकडे वर्षातून पाचदा तरी बसायचं असतं. फेब्रुवारीत आंब्याची नोंदणी आणि नवे दर. १ जूनच्या आत आंब्याचं पान 'हंगाम संपला' करणं, मासळीची ओळ बदलणं आणि पावसाळी वाटांची सूचना. गणपतीआधी खोल्यांची उपलब्धता, कारण चाकरमान्यांच्या घरी न मावलेले पाहुणे तेव्हा खोल्या शोधतात. दिवाळीआधी हंगामी दर. आणि जानेवारीत, गर्दी ओसरली की, पुन्हा वही: तीन महिन्यांचे संदेश, त्यांतले कोणते प्रश्न अजूनही येतायत, आणि त्यांचं उत्तर कोणत्या पानावर, कितव्या पडद्यावर आहे.